गायगर काउंटर नाही, मग गॅमा दुर्बीण शिकवायची कशी?

पत्राचा सारांश: तालुक्याच्या गावातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षिकेचं हे पत्र आहे. विज्ञान मंडळाच्या अकरावीच्या चाळीस मुलांना ‘अवकाश दुर्बिणी गॅमा किरण कसे टिपतात’ हा विषय चार तासिकांत शिकवायचं त्यांनी कबूल केलं आहे. गेल्या वर्षी स्लाइड दाखवून शिकवताना एका मुलीने विचारलं, “गॅमा किरण भिंतीतून आरपार जातात, तर दुर्बिणीच्या आरशातून का जाणार नाहीत? मग फोटो येतो कुठून?” तिला नीट उत्तर देता आलं नाही, ही रुखरुख त्यांना आहे. प्रयोगशाळेत गायगर काउंटर (किरणोत्सर्ग टिपला की ‘टिक्’ वाजणारं उपकरण) नाही आणि मागणीचा अर्ज पडून आहे. एका परिचिताने गॅसबत्तीची जुनी मँटल (ज्योतीवरची जाळी) आणून किरणोत्सर्ग दाखवायचं सुचवलं आहे. सहकारी म्हणतात, नासाची रंगीत चित्रं दाखवा, मुलं खूश होतील. त्या विचारतात: उपकरण नसताना हा विषय शिकवणं म्हणजे मुलांची फसवणूक तर नाही ना?

मॅडम,

त्या मुलीने विषयाच्या गाभ्यालाच हात घातला आहे. तुमच्या चारही तासिका तिच्या प्रश्नावर उभ्या करता येतील. त्याआधी तुमच्या पत्रातली दोन गृहीतकं तपासून पाहू.

पहिलं गृहीतक असं, की गायगर काउंटर असता तर विषय खऱ्या अर्थाने शिकवता आला असता. साधी गायगर नळी तिच्यातून जाणाऱ्या शंभर गॅमा फोटॉनांपैकी (फोटॉन म्हणजे किरणाचा एकेक कण) जेमतेम एखादा पकडते. जो पकडते तो कुठून आला हे ती सांगत नाही, आणि त्याची ऊर्जाही सांगत नाही: १०० केईव्हीचा असो की १ एमईव्हीचा, ‘टिक्’ तीच. (केईव्ही, एमईव्ही आणि जीईव्ही ही ऊर्जेची एककं: हजार, दहा लाख आणि शंभर कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट.) शिवाय वर्गात ऐकू येणाऱ्या टिकटिकीत वैश्विक किरणांपासून वातावरणात तयार होणाऱ्या म्यूऑन नावाच्या भारित कणांचाही मोठा वाटा असतो. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्यूऑन जातो. अवकाश दुर्बिणीला प्रत्येक फोटॉनबद्दल चार गोष्टी शोधाव्या लागतात: तो कधी आला, कुठून आला, किती ऊर्जेचा होता आणि मुळात तो गॅमाच होता का. गायगर काउंटर यातल्या फक्त पहिल्या प्रश्नाला उत्तर देतो. उरलेले तीन प्रश्न पुठ्ठा, फासे आणि आलेख कागद वापरून जास्त चांगले शिकवता येतात, त्यामुळे फसवणुकीची शंका मनातून काढून टाका.

मँटल मात्र आणू नका. जुन्या मँटलमध्ये थोरियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य असतं, आणि वापरलेली जाळी हात लावताच भुकटी होते. ती श्वासातून आत गेली तर शरीरातच राहते. वर्गाला त्यातून मिळणार फक्त टिकटिक, तीही काउंटर असेल तरच.

दुसरं गृहीतक तुमच्या सहकाऱ्यांच्या सूचनेत आहे: आधी चित्र, मग स्पष्टीकरण. गॅमा दुर्बिणीच्या कामात चित्र अगदी शेवटी तयार होतं. आधी एकेका फोटॉनची नोंद होते, अशा हजारो-लाखो नोंदी साठतात, आणि मग संगणक त्या आकाशाच्या नकाशावर मांडून रंग देतो. चित्रापासून सुरुवात केली की मुलांच्या डोक्यात आरसा आणि कॅमेरा पक्का बसतो, आणि त्या मुलीसारखी विचार करणारी मुलं बरोबर तिथेच अडकतात. चित्रं जरूर दाखवा, पण चौथ्या तासिकेच्या शेवटी.

पहिल्या तासिकेची दहा मिनिटं आरसा का चालत नाही यासाठी ठेवा. मुलांकडून तरंगलांबी काढून घ्या. १०० एमईव्हीच्या फोटॉनची तरंगलांबी साधारण १.२ × १०⁻¹⁴ मीटर येते, अणूच्या आकाराच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकी. एवढ्या लहान तरंगाला आरशाचा गुळगुळीत पृष्ठभाग ‘दिसतच’ नाही. त्याच्या दृष्टीने तिथे सुटे अणू आणि मधली पोकळी. म्हणजे मुलीचं म्हणणं बरोबर आहे, आणि तसं वर्गात तिचं श्रेय देऊन सांगा. मग भिंतीचा मुद्दा घ्या. भिंतीतून पुष्कळ गॅमा जातात, पण सगळे जात नाहीत. हवेचंही तसंच: आपल्या डोक्यावरच्या वातावरणाचं वस्तुमान १० मीटर पाण्याइतकं आहे आणि त्यातून अवकाशातला गॅमा फोटॉन जमिनीपर्यंत पोहोचत नाही. दुर्बीण वर पाठवावी लागते ती यामुळे. आता किरण वळवता येत नसेल तर करायचं काय? मार्ग दोन: त्याची सावली पाडायची, किंवा त्याला पदार्थात मोडू द्यायचं आणि तुकड्यांचा माग काढायचा.

सावलीच्या पद्धतीला आपल्याकडचंच उत्तम उदाहरण आहे. इस्रोने २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट या खगोल उपग्रहावर सीझेडटीआय नावाचं उपकरण आहे. त्याच्या उभारणीचं नेतृत्व मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने (टीआयएफआर) केलं आणि त्याच्या नोंदींवरचं काम पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रातून चालतं. त्यात कॅडमियम झिंक टेल्युराइडचे ६४ चौकोनी डिटेक्टर आहेत, प्रत्येकाची जाडी ५ मिलिमीटर आणि प्रत्येकात १६ × १६ पिक्सेल, म्हणजे एकूण १६,३८४. त्यांच्या वर सुमारे ४८ सेंटिमीटरवर अर्धा मिलिमीटर जाडीचा टँटॅलम या जड धातूचा पत्रा आहे, ठरावीक नमुन्याने भोकं पाडलेला. त्याला सांकेतिक मुखवटा म्हणतात. तारा ज्या दिशेला असेल त्याप्रमाणे या नमुन्याची सावली डिटेक्टरवर सरकते, जशी सकाळ-संध्याकाळ खिडकीच्या गजांची सावली जमिनीवर सरकते. सावली किती सरकली ते मोजलं की दिशा कळते.

हे वर्गात असं करा. ए-४ आकाराचा जाड काळा कार्डशीट घ्या. त्यावर २१ सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर उंच पट्टा आखून १ सेंटिमीटरची २१ घरं पाडा. घरांना ० ते १० आणि पुढे पुन्हा ० ते ९ असे क्रमांक द्या. दोन्ही फेऱ्यांतली १, ३, ४, ५ आणि ९ क्रमांकाची घरं कापून काढा. कार्ड उभं करून त्याच्या मागे २० सेंटिमीटरवर पांढरा कागद लावा, आणि कार्डाच्या पुढे २ मीटरवर मोबाइलचा टॉर्च धरा. कागदावर ११ घरं आखायची, पण ती १ सेंटिमीटरची नकोत, १.१ सेंटिमीटरची हवीत. टॉर्च अनंत अंतरावर नसल्यामुळे सावली २.२ भागिले २, म्हणजे १.१ पट मोठी पडते. बहुतेक वेळा प्रयोग बिघडतो तो इथेच: घरं १ सेंटिमीटरची ठेवली की एका टोकाला जुळवलेली सावली दुसऱ्या टोकाला अख्खं घर चुकते, आणि मुलांना वाटतं पद्धतच चुकीची आहे.

टॉर्च आडवा ११ सेंटिमीटर सरकवला की सावली उलट दिशेने बरोबर एक घर सरकते. मध्यापासून दोन्ही बाजूंना ५५ सेंटिमीटरपर्यंत अशा टॉर्चच्या ११ जागा मिळतात. एका गटाने पडद्याआड टॉर्च कुठल्यातरी जागी धरायचा. दुसऱ्या गटाने फक्त कागदावरची उजळ घरं नोंदवून जागा ओळखायची. त्यासाठी पारदर्शक प्लास्टिकवर १.१ सेंटिमीटरच्या घरांची तीच २१ घरांची पट्टी काढा, ‘बंद’ घरं काळी करा, आणि ती नोंदीवर एकेक घर सरकवत उघड्या घरांतून किती उजळ घरं दिसतात ते मोजा. बरोबर जागी ५ येतात, बाकी प्रत्येक जागी २. एकही जागा ३ किंवा ४ देत नाही. १, ३, ४, ५, ९ हे आकडे यासाठीच निवडले आहेत. (वर्गसंख्यांना ११ ने भागलं की शून्याखेरीज याच बाक्या उरतात. गणिताच्या शिक्षकांना हे आवर्जून दाखवा.)

मग दोन सारखे टॉर्च लावा. दोन्हींचा उजेड पडलेल्या घराला २ गुण, एकाचाच पडलेल्या घराला १. आता दोन जागी ७ येतील आणि इतरत्र ४. दोन तारे एकमेकांत मिसळलेल्या सावलीतून वेगळे निघतात, ही गोष्ट मुलांनी स्वतःच्या हाताने काढली की आरशाशिवाय चित्र कसं बनतं हा प्रश्न उरत नाही. एखादा विचारेल, मग एकच बारीक भोक का नको? कारण एकाच भोकातून ११ घरांपैकी एका घराइतकाच प्रकाश येईल. इथे ५ घरांचा येतो. ज्या दुर्बिणीला फोटॉन मोजके मिळतात तिला ही पाचपट वाढ सोडून चालत नाही.

टॉर्च परावर्तकाचा, मोठ्या तोंडाचा घेऊ नका. ५ सेंटिमीटरच्या तोंडामुळे सावलीची कड ५ मिलिमीटर पुसट होते, म्हणजे जवळजवळ अर्धं घर. मोबाइलच्या एलईडीने ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास राहते. खोली पूर्ण अंधारी नसली तरी चालते, कारण सगळीकडे सारखा पडणारा उजेड प्रत्येक जागेची बेरीज सारखीच वाढवतो आणि शिखर जागचं हलत नाही.

एक गोष्ट मुलांना सरळ सांगा. सीझेडटीआय अशी प्रतिमा साधारण २० ते १०० केईव्हीमध्ये बनवतो, आणि या पट्ट्याला बरेच जण ‘कठीण’, म्हणजे जास्त ऊर्जेचे, क्ष-किरण म्हणतात. त्याच्या वर मुखवटाच पारदर्शक होत जातो. म्हणून तर हे उपकरण बाजूने येणारे गॅमा स्फोटही (दूरच्या अवकाशातून थोडा वेळच येणारे गॅमा किरणांचे झोत) पकडू शकतं. शेकडो एमईव्हीच्या फोटॉनला सावलीच पडत नाही. तिथे दुसरी पद्धत लागते.

दुसऱ्या तासिकेला ही दुसरी पद्धत घ्या, नासाच्या फर्मी दुर्बिणीची. ती ११ जून २००८ रोजी सोडली गेली आणि पृथ्वीपासून साधारण ५५० किलोमीटर उंचीवरून फिरते. तिचं मुख्य उपकरण म्हणजे ४ × ४ मांडणीतले १६ मनोरे. प्रत्येक मनोऱ्यात वरून खाली टंगस्टनचे पातळ पत्रे आणि सिलिकॉन पट्ट्यांचे थर एकाआड एक आहेत. फोटॉन टंगस्टनच्या अणुकेंद्राजवळून जाताना त्याचा इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचाच धनभारित जोडीदार) होतो. त्यासाठी १.०२२ एमईव्ही ऊर्जा पुरते, पण फर्मी पाहते ते २० एमईव्हीपासून ३०० जीईव्हीच्याही वर. हे दोन कण खालच्या सिलिकॉन थरांतून जाताना वाट सोडतात. एक थर डावी-उजवीकडची जागा सांगतो, त्याला काटकोनात असलेला दुसरा थर पुढची-मागची. तळाशी सीझियम आयोडाइडच्या कांड्या आहेत, एका मनोऱ्यात ९६, एकूण १५३६. त्यात सांडलेल्या ऊर्जेवरून फोटॉनची ऊर्जा काढतात.

इथे मुलं विचारतात, किंवा विचारत नसतील तर तुम्ही विचारा: एकच जाड पत्रा का नाही? याचं उत्तर फाशांनी द्या. फर्मीत वरचे १२ पत्रे पातळ आहेत, सुमारे ०.१ मिलिमीटर, आणि पुढचे ४ जाड, सुमारे ०.७ मिलिमीटर. जास्त ऊर्जेच्या फोटॉनची जोडी बनण्याची शक्यता पातळ पत्र्यात २ टक्क्यांच्या थोडी वर आणि जाड पत्र्यात १३ टक्क्यांच्या आसपास असते. दोन फाशांवर दोन्ही सहा पडण्याची शक्यता ३६ त १, एका फाशावर सहा पडण्याची ६ त १. म्हणजे आकडे किंचित जास्त असले तरी जवळचे आहेत. प्रत्येक विद्यार्थी एक फोटॉन. त्याने आधी १२ वेळा दोन फासे टाकायचे. दोन्ही सहा आले की ‘पुढच्या भागात मोडला’ अशी नोंद करून थांबायचं. नाही आले तर ४ वेळा एक फासा. सहा आला की ‘मागच्या भागात मोडला’. चाळीस मुलांत साधारण ११-१२ पुढे, १४-१५ मागे, आणि १४ च्या आसपास आरपार असा निकाल येतो. तुमच्या वर्गात आकडे पाच-सहाने इकडे-तिकडे झाले तर दुरुस्त करू नका. दुसऱ्यांदा खेळून तो फरक दाखवा.

चार जाड पत्रे बारा पातळ पत्र्यांपेक्षा जास्त फोटॉन पकडतात, मग सगळेच जाड का नाहीत? कारण टंगस्टनमधून जाताना इलेक्ट्रॉन वळतो. १०० एमईव्हीच्या फोटॉनपासून निघालेला ५० एमईव्हीचा इलेक्ट्रॉन अख्खा पातळ पत्रा ओलांडताना साधारण २ अंश वळतो, जाड पत्रा ओलांडताना ६ अंश. आलेख कागदावर ५ सेंटिमीटर अंतराने पाच आडव्या रेषा काढा, आणि प्रत्येक रेषेवर नाणं उडवून रेघ डावी-उजवीकडे आधी २ अंशांनी आणि मग दुसऱ्या कागदावर ६ अंशांनी वळवा. मग मूळ दिशा न पाहता रेघेवरून ती ओळखायला सांगा. बहुतेक मुलं पहिला आणि शेवटचा बिंदू जोडतात. सुरुवातीचे दोन बिंदू जास्त विश्वासाचे असतात, कारण पुढे प्रत्येक पत्रा चूक वाढवत जातो. १ जीईव्हीला हेच वळण दहावा भाग होतं. पुढे जाड पत्रे घातले तर फोटॉन जास्त मिळतात पण दिशा बिघडते, हा सौदा मुलांना कळला तर फर्मीची रचना समजली असं माना.

तिसरी तासिका ‘हा गॅमा आहे का’ या प्रश्नाची. माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची तासिका, आणि पाठ्यपुस्तकी मांडणीत नेमकी हीच वगळली जाते. फर्मीवर आदळणाऱ्या प्रत्येक गॅमा फोटॉनमागे हजारो विद्युतभारित कण आदळतात. त्यांना ओळखायला मनोऱ्यांभोवती चकाकणाऱ्या प्लास्टिकच्या ८९ फरशांचं कवच आहे. भारित कण फरशी चमकवून आत येतो. गॅमाला भार नसल्याने तो फरशी न चमकवता येतो आणि मध्येच कुठेतरी दोन वाटा सुरू होतात.

पोस्टकार्डाएवढी २० कार्डं बनवा. प्रत्येकावर मनोऱ्याचा आडवा छेद: वर आणि बाजूंना फरशा, मध्ये १६ रेषा, खाली कांड्यांचे ८ थर. लागलेल्या जागी ठिपके द्या. १६ कार्डांवर प्रोटॉन: वरची फरशी लागलेली, तिच्याच खालून सरळ एकेरी वाट. दोन कार्डांवर साधे गॅमा: फरशा शांत, पाचव्या-सहाव्या रेषेपासून उलट्या ‘व्ही’सारखी वाट. उरलेली दोन कार्डं अवघड ठेवा. एकावर गॅमाची स्वच्छ वाट आणि खाली भरपूर ऊर्जा, पण वाटेपासून दूर बाजूची एक फरशी लागलेली. मुलं हे कार्ड हमखास फेकून देतात. प्रत्यक्षात जास्त ऊर्जेचा फोटॉन तळाच्या कांड्यांत कणांचा वर्षाव करतो आणि त्यातले काही किरण उलटे वर येऊन फरशी चमकवतात. फर्मीच्या आधीच्या, १९९१ साली सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेवरच्या एग्रेट उपकरणाला एकच सलग घुमट होता. या उलट्या किरणांनी घुमट चमकला की खरा गॅमाही बाद व्हायचा, आणि १० जीईव्हीला त्याची क्षमता निम्म्यावर यायची. म्हणून फर्मीचं कवच तुकड्यांत केलं: वाट ज्या फरशीकडे रोखलेली आहे तीच लागली असेल तर बाद करायचं.

शेवटच्या कार्डावर सगळी लक्षणं गॅमाची, फक्त वाट क्षितिजाखालून आलेली दाखवा. वैश्विक किरण वातावरणावर आदळून तयार झालेला हा खराखुरा गॅमा आहे, पण ताऱ्याचा नाही. तो काढण्यासाठी डोक्यावरच्या बिंदूपासून साधारण ९० अंशांच्या पलीकडचे फोटॉन गाळतात.

चौथ्या तासिकेला खऱ्या नोंदी घ्या. फर्मीचे फोटॉन सगळ्यांसाठी मोफत खुले आहेत. तिच्या विज्ञान साहाय्य केंद्राच्या संकेतस्थळावर वेला पल्सरचं (वेगाने फिरणाऱ्या मृत ताऱ्याचं) नाव, १५ अंशांची त्रिज्या, एक आठवड्याचा काळ आणि १०० एमईव्हीपासून पुढची ऊर्जा भरली की फाइल मिळते. फाइल फिट्स या खगोलशास्त्रातल्या प्रकारची असते आणि एक्सेलमध्ये उघडत नाही. टॉपकॅट या मोफत प्रोग्रॅमने ती आदल्या दिवशी सीएसव्हीमध्ये, म्हणजे एक्सेलला उघडता येणाऱ्या साध्या तक्त्यात, बदलून ठेवा. वर्गात इंटरनेटवर अवलंबून राहू नका. प्रत्येक ओळ म्हणजे एक फोटॉन: वेळ, ऊर्जा, दिशा आणि जोडी पुढच्या भागात बनली (०) की मागच्या (१). फाशांच्या खेळातली नोंद तिथे जशीच्या तशी सापडते.

आलेख काढताना विषुवांश-क्रांती (पृथ्वीच्या विषुववृत्तावरून मोजलेले आकाशातले रेखांश-अक्षांश) न वापरता आकाशगंगेचे अक्षांश-रेखांश वापरा. वेला −४५ अंश क्रांतीवर असल्याने विषुवांशाच्या आलेखात गोल ठिपका आडवा ताणलेला दिसतो; आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ तो असल्याने दुसऱ्या आलेखात ही अडचण येत नाही. आधी १०० ते ३०० एमईव्हीचे फोटॉन मांडा: अंशांमध्ये पसरलेला ढग दिसेल. मग ३ जीईव्हीच्या वरचे: फोटॉन खूप कमी, पण ठिपका घट्ट. मुलांनी नाणं उडवून काढलेली वाकडी रेघ आणि हा ढग यांचं कारण एकच आहे. आता रंगीत चित्र दाखवा, आणि रंग कोणी, कशावरून दिले हे मुलांना सांगू द्या.

चार तासिका मिळाल्या नाहीत तर फासे घरी करायला द्या, आणि संगणक नसेल तर दोन्ही आलेख छापून वाटा. दोनच मिळाल्या तर एकीत मुखवटा करा आणि दुसरीत कार्डं. कॉम्प्टन पद्धतीच्या दुर्बिणी (फोटॉन इलेक्ट्रॉनला धडकून कसा वळला यावरून दिशा काढणाऱ्या) अकरावीला सोडून द्या. बारावीत प्रकाशविद्युत परिणाम झाल्यावर त्या सोप्या जातात. मुखवटा कापायला एका गटाला पाऊण तास लागतो, म्हणून तो आदल्या आठवड्यात करून घ्या. आणि ते काम गेल्या वर्षी प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीकडे द्या. आता ती बारावीत असेल, तरी बोलवा.